कोठाराची किल्ली

बदलीच्या नोकरीत मनुष्य दोन गोष्टी लवकर शिकतो. एक, सामान थोडे ठेवावे. आणि दुसरी, चार्ज देताना यादी मात्र लांबलचक करावी. कपाटे किती, खुर्च्या किती, तिजोरीच्या किल्ल्या किती आणि त्यांपैकी दुसरी किल्ली कोठे ठेवली आहे, हे सारे लिहून खाली देणाऱ्याची व घेणाऱ्याची अशा दोन सह्या झाल्या म्हणजे आपण त्या गावातून मोकळे. आम्ही आजवर सात वेळा असे मोकळे झालो. आठव्या वेळी जो चार्ज दिला त्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात व्हावयाची नाही. म्हणून ती येथे करून ठेवीत आहो.

आमची नेमणूक कुंभकोणमला झाली तेव्हा तेथे मनाजोगे घर मिळेना. तंजावरच्या वाटेवर पापनाशम् हे लहानसे गाव आहे. आगगाडीचे स्टेशन आहे, कुडमुरुट्टी नदी आहे, भोवती भाताची खाचरे आहेत. तेथे आम्ही बिऱ्हाड केले. एकशे आठ शिवलिंगांच्या देवळासाठी भाविक तेथे येतात, आणि कर्नाटक संगीताच्या जाणकारांना हे नाव पापनाशम् शिवन् (१८९०–१९७३) या रचनाकारामुळे ठाऊक असते. आमचे मन मात्र रमले ते पालैवननाथाच्या देवळापाशी असलेल्या एका कोठाराजवळ. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायक राजांच्या अमदानीत बांधलेले हे विटांचे गोल कोठार वर निमुळते होत गेले आहे. 'कलम' हे तिकडचे धान्याचे माप. त्या मापाने तीन हजार कलम भात त्यात मावतो असे सांगतात. त्याला वेगवेगळ्या उंचीवर दारे आहेत. रास चढेल तसे वरच्या दाराने भरावे आणि उतरेल तसे खालच्या दाराने काढावे, अशी ती योजना दिसते. ज्याने हे बांधले त्याला भाताइतकीच दारांचीही काळजी होती, हे पाहून आमच्यातील हिशेबनीस सुखावत असे.

आमच्या शेजारच्या घरात एक आजी राहात. वय चौऱ्याऐंशी. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हांस मराठीत हाक मारली, आणि आम्ही दचकलो. ती मराठी आमची होती आणि नव्हतीही. क्रियापदे जुनी, हेल तमिळ, आणि मधूनच एखादा असा शब्द की जो आम्ही केवळ बखरीत वाचला होता. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले. १८५५ साली राजा दुसरा शिवाजी पुत्रावाचून वारला आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राज्य गेले, परंतु त्याच्यामागून आलेली घरे तेथेच राहिली व घरात मराठी बोलत राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव याच कुंभकोणमचे. जन्म १८२८ चा. आमच्यासारख्या बदलीवाल्यांचे ते कुलगुरूच म्हणावयाचे. त्रावणकोरात १८५७ ते १८७२, मग इंदूर, आणि १८७५ ते १८८२ बडोदे. किती वेळा चार्ज घेतला आणि किती वेळा दिला असेल!

आजींना देवनागरी वाचता येत नव्हती. लहानपणी आईने सांगितलेली गाणी आणि पाककृती त्यांनी एका वहीत उतरवल्या होत्या, त्या तमिळ लिपीत. ती वही आम्ही त्यांच्या नातीकडून वाचून घेऊ लागलो आणि अडचण ध्यानात आली. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही वर्णांना एकच अक्षर. म्हणजे काल, खाल आणि गाल ही तिन्ही कागदावर एकसारखीच दिसणार. 'डांगर' म्हटले की आजींच्या डोळ्यांपुढे उडदाच्या पिठाची दह्यातली पच्चडी उभी राही, ते ठीक. परंतु ज्या शब्दांचा पदार्थ पुढ्यात येत नाही, त्यांचे काय? लिहिलेले पुरेसे नव्हते; आवाज टिपून ठेवणे अवश्य होते. आजींच्या मागे त्या वहीतील निम्मे शब्द कोणालाही नीट वाचता आले नसते.

येथून आमचा उद्योग सुरू झाला. नोकरीत हिशेब तपासता तपासता रात्री पुस्तके वाचून आम्ही जावास्क्रिप्ट नावाची संगणकभाषा शिकलो होतो. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत पहिल्या रूपात उभी केली. तेव्हा तिचे काम एवढेच, की वाचणाऱ्याच्या पडद्यावरील पान थोडे हलतेबोलते करावे. २००९ मध्ये रायन डाल यांनी 'नोड' तयार केल्यावर तीच भाषा पान धाडणाऱ्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवरही सुखाने नांदू लागली. आम्ही तिच्यात एक लहानसा शब्दसंग्रह रचला. शब्द लिहावा, अर्थ लिहावा, बटण दाबून आवाज टिपावा, आणि जगात कोठूनही कोणी तो ऐकावा. नातीने त्याला 'कोठार' असे नाव दिले.

परंतु कार्यक्रम रचणे निराळे आणि तो अखंड चालता ठेवणे निराळे. आपल्या टेबलावरील संगणकावर तो चालतो याचा अर्थ स्वयंपाकघरात पाने वाढली एवढाच. पंगत बसवावयाची तर मांडव पाहिजे. प्रथम आम्ही एका फुकट सोयीचा आश्रय केला. ती धर्मशाळा होती. कोणी फिरकले नाही की आमचा कार्यक्रम झोपी जाई, आणि आलेल्या पाहुण्याला तो जागा होईपर्यंत अंगणात ताटकळत ठेवी. त्याहून वाईट असे, की तो पुन्हा उठला म्हणजे मधल्या काळात साठवलेल्या फाइली नाहीशा झालेल्या असत. हा त्या सोयीचा दोष नव्हे. तसे त्यांच्या नियमांतच छापलेले होते. आम्ही ते वाचले नव्हते.

तेव्हा आम्ही एक आभासी सर्व्हर भाड्याने घेतला. हे प्रकरण ज्यांना अपरिचित असेल त्यांनी मोठा वाडा डोळ्यांपुढे आणावा. दूरच्या शहरात एक बलाढ्य यंत्र असते. त्याच्या आत भिंती घालून अनेक खोल्या पाडलेल्या असतात, आणि प्रत्येक भाडेकरूला आपण एकटेच सबंध घरात राहातो असे वाटते. मालक वीज पुरवतो आणि छप्पर सांभाळतो. आतले झाडणे, कुलपे, दिवाबत्ती, सारे आपले आपण. आमच्या खोलीत १ जीबी स्मृती होती आणि उबंटू ही प्रणाली घातलेली होती. बाकी कोऱ्या भिंती.

पहिली गोष्ट किल्लीची. पासवर्ड हा परवलीचा शब्द. तो ऐकलेला कोणीही आत येतो. त्यापेक्षा चांगली व्यवस्था अशी, की संगणकाकडून एक जोडी घडवून घ्यावी. तिचा उघडा भाग कुलपासारखा सर्व्हरवर बसवावयाचा, आणि गुप्त भाग किल्लीसारखा आपल्याच संगणकावर राहावयाचा. तो कोणाला द्यावयाचा नाही की धाडावयाचा नाही. ही व्यवस्था होताच आम्ही पासवर्डाने येण्याची वाट बंद केली. त्याची निकड का, ते दुसऱ्या दिवशी कळले. नोंदवही उघडून पाहतो तो रात्रभर कोणी कोणी दार ठोठावून गेले होते. कोणी 'रूट' या नावाने, कोणी 'ॲडमिन', कोणी 'टेस्ट'. आमचा पत्ता आम्ही कोणास कळवलाही नव्हता! हे चोर आमच्यासाठी आलेले नसतात. जगातील प्रत्येक दाराची कडी यंत्रवत् हलवून पाहत ते पुढे जातात.

दारे तरी किती? एका सर्व्हरला ६५,५३५ क्रमांकांपर्यंत दारे असतात. आम्ही तीनच ठेवली. आम्ही स्वतः येण्याजाण्यासाठी २२, आणि वाचकांसाठी ८० व ४४३. उरलेली सगळी बंद. येथे एक सूचना करून ठेवतो. २२ क्रमांकाचे दार उघडे राहील अशी आज्ञा आधी द्यावी आणि मगच बाकीची बंद करण्याची. उलट केले तर मनुष्य आपल्याच घराबाहेर उभा राहतो. हे आम्ही पुस्तकातून शिकलो असे म्हणावयास आवडले असते.

आमचा कार्यक्रम आत ३००० क्रमांकाच्या दारामागे बसलेला होता. त्याला थेट रस्त्यावर बसवू नये, पुढे एक देवडीवाला असावा, असा संकेत आहे. ते काम आम्ही एन्जिनएक्सला दिले. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये लोकांपुढे आणलेला हा देवडीवाला आलेल्याला विचारपूस करून आत पोचवतो आणि उत्तर बाहेर आणून देतो. पुढे गाडी अडली ती आवाजापाशी. नातीच्या फोनवर ध्वनिमुद्रणाचे बटण काही केल्या चालेना. कारण शोधता उमगले, की पानाचा पत्ता सुरक्षित नसेल तर ब्राउझर मायक्रोफोनला हात लावू देत नाही. म्हणजे आमच्या नावाचे प्रमाणपत्र हवे. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ते विनामूल्य देते. आमचे पहिले प्रमाणपत्र नव्वद दिवसांचे होते; मुदत भरण्याआधी त्याचे नूतनीकरण आपोआप व्हावे अशी तजवीज करून ठेवावी लागली.

त्या रात्री आम्हांस तंजावरचा शिलालेख आठवला. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली, सरफोजीराजांच्या कारकीर्दीत, मराठीत कोरून ठेवला आहे. कोरणाऱ्याने एकदा छिन्नी खाली ठेवली, ती ठेवली. दोनशेहून अधिक वर्षे झाली, भिंत आपले काम करीत उभी आहे. आमच्या 'कोठारा'ला मात्र दर तीन महिन्यांनी आपण कोण हे नव्याने शाबीत करावयाचे होते. दगडाचे काम कोरले की संपते. येथे कार्यक्रम चढवला म्हणजे काम सुरू होते, हे तेव्हा आम्हांस पुरते कळले नव्हते.

कळले ते टप्प्याटप्प्याने. पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी आजींच्या ओसरीवर सारे जमले होते. नातीने फोन पुढे धरला, आजींनी शब्द उच्चारला, आणि क्षणभराने तोच त्यांना परत ऐकू आला. आजी हसल्या. आम्ही मोठ्या समाधानाने घरी आलो, संगणक मिटला आणि जेवावयास बसलो. दहा मिनिटांत नात दाराशी आली. "मामा, कोठार बंद पडले." (मराठी मुलुखात आम्ही काका झालो असतो, कावेरीच्या खोऱ्यात मामा झालो.) पुन्हा संगणक उघडून कार्यक्रम सुरू केला, चालला. मिटला, पडला. घोळ असा, की आम्ही तो आमच्या हाताने, आमच्या बैठकीत सुरू करीत होतो. बैठक मोडली की तिच्याबरोबर तोही संपे. साहेब खुर्चीत असेपर्यंतच चालणारी कचेरी आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिली होती. ती आम्ही स्वतः बांधू, असे मात्र वाटले नव्हते. मग तो 'सिस्टिमडी' या सर्व्हरवरच्या कारभाऱ्याच्या स्वाधीन केला. यंत्र सुरू होताच याला उठवावे, आणि हा पडला तर पुन्हा उभा करावा, अशी लेखी आज्ञा दिली. त्यानंतर आम्ही संगणक मिटून निजू लागलो.

स्मृतीची टंचाई हा दुसरा पाठ. पानांची अंतिम मांडणी सर्व्हरवरच करावयास गेलो की १ जीबी पुरत नसे, आणि प्रणाली ते काम अर्ध्यावरच मारून टाकी. तेव्हा मांडणी घरच्या संगणकावर करून तयार पाने तेवढी वर धाडू लागलो. लहान खोलीत चूल मांडू नये, डबा न्यावा.

तिसरा पाठ महागात पडला, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पाचव्या महिन्यात आम्ही कार्यक्रमाची नवी आवृत्ती तयार केली. ती चढवताना सर्व्हरवरचा जुना फोल्डर समूळ पुसला आणि त्या जागी नवा ठेवला. पान उघडले, रंग सुंदर दिसत होते. शब्द एकही नव्हता. नोंदींची फाइल आणि आवाजाच्या साऱ्या मुद्रिका त्या जुन्या फोल्डरातच होत्या. त्रेसष्ट नोंदी. प्रत कोठेही नाही. एका हिशेब तपासनिसाने, ज्याने आयुष्यभर इतरांना 'दुसरी किल्ली कोठे आहे?' म्हणून दटावले, त्याने दुसरी किल्लीच केलेली नव्हती.

आजींना सांगावयास जाताना आम्ही फाटकाशी दोनदा थांबलो. त्या मधल्या दिवसांत आजारातून उठल्या होत्या. आवाज खाली गेला होता. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, पुन्हा सांगते, त्यात काय! महिनाभर रोज सायंकाळी दोनतीन अशा नोंदी त्यांनी पुन्हा सांगितल्या. बहुतेक साऱ्या मिळाल्या. एक अंगाईगीत मात्र पुरे झाले नाही. शेवटच्या कडव्याशी त्या आल्या, थांबल्या, पुन्हा प्रथमपासून म्हणत आल्या, आणि तेथेच थांबल्या. तेव्हा ते आपोआप आले होते, आता बोलावून येत नाही, असे म्हणून त्यांनी फोन नातीकडे दिला. ते कडवे आम्ही एकदा ऐकले आहे. चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.

त्यानंतर जे केले ते कोणीही शहाण्याने पहिल्या दिवशी केले असते. नोंदी आणि मुद्रिका कार्यक्रमाच्या फोल्डराबाहेर, स्वतंत्र जागी हलवल्या, म्हणजे भिंती पाडल्या तरी धान्याला धक्का नको. रोज पहाटे २ वाजता त्यांची एक प्रत निराळ्या शहरातील साठ्यात आणि एक नातीच्या संगणकावर जाऊ लागली. आणि प्रत गेली एवढ्यावर न थांबता, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीवरून सारे कोठार दुसऱ्या यंत्रावर उभे करून पाहण्याचा नियम केला. तिजोरीत पाकीट आहे असे लिहून भागत नाही. पाकीट फोडून मोजावे लागते. हा नियम आम्ही नोकरीत पाळीत होतो. घरी आणावयास त्रेसष्ट नोंदी लागल्या.

तिसऱ्या वर्षी बदलीचा हुकूम आला. कचेरीचा चार्ज अर्ध्या दिवसात दिला. 'कोठारा'चा देण्यास तीन आठवडे लागले. यादी करावयास बसलो तेव्हा प्रथमच दिसून आले, की त्या खोलीची प्रत्येक वस्तू आमच्या नावावर होती. पत्त्याचे नाव आमच्या नावे. भाडे आमच्या खात्यातून. मुदतीच्या सूचना आमच्या टपालपेटीत. आणि काय बिघडले असता काय करावे हे केवळ आमच्या डोक्यात. आजींच्या घराण्याचे शब्द आम्ही जपले असे मिरवीत होतो, परंतु उद्या आम्हांस काही झाले असते तर भाडे थकून महिन्या दोन महिन्यांत सर्व पुसले गेले असते. आजींच्या वहीवर निदान नातीचा तरी ताबा होता.

यादीत चौदा कलमे झाली. प्रत्येक कलमाखाली, हे केले नाही तर काय होईल, याची एक ओळ. नात जवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होती. तिने यादी वाचून आम्हांस सहा ठिकाणी अडवले. "मामा, हे तुम्हांला कळते म्हणून तुम्ही अर्धेच लिहिले आहे." ते पुरे केले. पत्त्याचे नाव तिच्या नावे झाले. भाड्याचा भार घरच्यांनी उचलला. मग एका रविवारी आम्ही ओसरीवर नुसते बसून राहिलो, आणि तिने यादी हाती घेऊन कोऱ्या यंत्रावर सबंध कोठार उभे केले. दोनदा तिने आमच्याकडे पाहिले. दोन्ही वेळा आम्ही यादीकडे बोट दाखवले.

शेवटचे कलम किल्लीचे. किल्ली हातातून हातात द्यावयाची नसते, हे वर आलेच आहे. तिने स्वतःची जोडी घडवली आणि तिचा उघडा भाग सर्व्हरवर बसवला. आमची बैठक उघडी ठेवून तिने दुसऱ्या खिडकीतून आपल्या किल्लीने आत येऊन पाहिले. आली. त्या फाइलीत आता दोन ओळी होत्या, एक तिची आणि एक आमची. यादीत लिहिले होते, 'जुनी ओळ काढून टाकावी.' ती थांबली. असू द्या ना, कधी अडले तर, म्हणाली. आम्ही म्हणालो, बाळ, गेलेल्या साहेबाकडे तिजोरीची किल्ली राहिली तर त्याला आम्ही काय शेरा मारतो, ठाऊक आहे का? तिने ओळ काढली. आजी दाराशी बसून पाहत होत्या. त्यांनी विचारले, काय केले गं? नातीने त्यांना त्यांच्या मराठीत सांगितले, की मामांनी चार्ज दिला.

नव्या गावी सामान लागल्यावर एका रात्री आम्ही संगणक उघडला आणि सवयीने तीच आज्ञा टंकली. उत्तर एका ओळीत आले, 'परवानगी नाकारली.' नोकरीत अनेक अर्ज नाकारले गेले. इतका समाधानाचा नकार पूर्वी मिळाला नव्हता.

मग कोणीही वाचक जातो तसे आम्ही पुढल्या दाराने गेलो. आम्ही निघालो तेव्हा कोठारात २१२ शब्द होते. आता २१९ झाले होते. सातव्या नव्या नोंदीचे बटण दाबले. आवाज आजींचा होता, थोडा चढा, आणि शब्द आम्ही कधी ऐकलेला नव्हता.